म्हाळाईचा वळसा

चढ संपला. आता जरा पाणी प्या, दम खा आणि एक लक्षात ठेवा. समोर ते उंबराचं झाड दिसतंय ना, तिथं पोचल्यावर गप्प राहायचं नाही. काहीही बोला. नाव सांगा, गाव सांगा, गुडघे दुखतात म्हणून सांगा. पण तोंड मिटून वळसा ओलांडायचा नाही, अशी इथली रीत आहे. खालचं शेलदरे ती पाळतं, वरची ठाकरवाडी पाळते. मागं एक मोजणीवाला आला होता, त्यालाही आम्ही पाळायला लावली. तो आपला फोनवर बोलत बोलत पलीकडं गेला. ते धरायचं की नाही, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

ही दगडांची ओळ म्हणजे शीव. खाली शेलदरे, कुणब्यांचं गाव. वर माळावर ठाकरवाडी. कड्यापासून शीव कशी सरळ येते पाहा, दोरी ताणल्यासारखी. आणि झऱ्यापाशी आली की वळते, झऱ्याला आणि उंबराला पोटात घेऊन पुरता फेरा मारते, आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागते. सरकारी नकाशात हा फेरा नाही, तिथं सरळ रेघ आहे. जमिनीवर मात्र आहे. त्याच्या आतली दोन-तीन गुंठे जागा कुणाच्याच नावावर नाही. तो बिनशेंदराचा चौथरा दिसतोय, तो म्हाळाईचा.

खरं तर ही गोष्ट आमच्या घराण्यानं सांगावी, असं तिच्यात काही नाही. आम्हाला इथं राखणदार म्हणतात. पण चौथरा झाडायचं काम आमच्याकडं आहे, त्यामुळं येणारा मलाच विचारतो, आणि मी सांगतो.

पेशवाईच्या शेवटाशेवटाचा काळ होता, असं सांगतात. कुणी म्हणतं इंग्रज आले होते. गरिबाला दोन्हींत फारसा फरक पडला नसावा. त्या वेळी ठाकर माळावर राब भाजून नागली, वरई करायचे. राब म्हणजे पालापाचोळा नि शेण जमिनीवर पसरून जाळायचं आणि त्या राखेत बी पेरायचं. शेलदऱ्याची माणसं उतारावरचं गवत कापायची. झरा दोघांचा. ठाकर हिरडा नि मध घेऊन खाली जायचे, मीठ नि तांदूळ घेऊन वर यायचे. भांड्याला भांडं लागायचं, नाही असं नाही, पण कुणाचं कपाळ फुटल्याचं ऐकिवात नव्हतं.

मग या भागाला नवा शेकदार आला. शेकदार म्हणजे पंचवीस-तीस गावांची वसुली बघणारा अंमलदार. त्याचं नाव आम्हाला ठाऊक आहे, पण इथं कुणी ते घेत नाही. त्याच्या मेहुण्याला हा माळ हवा होता. वर पाणी, खाली गवत, हवा थंड, साहेबाला वाडी करायला यापेक्षा काय हवं. पण दोन गावं जिथं नांदतात तिथली जमीन एकदम कशी घेणार? म्हणून त्यानं आधी दोन गावांचं नांदणं मोडायला घेतलं.

पंचक्रोशीत कुठं कोंबडं हरवलं तरी चार ठाकर धरून नेऊन खोड्यात अडकवायचे. राब भाजायचे दिवस आले की नेमकी त्याच दिवसांत वेठ लावायची, म्हणजे हंगाम हातचा जावा. शेलदऱ्यात जाऊन सांगायचं, माळ मुळात तुमचा, हे रानटी लोक मागून घुसले. वर जाऊन सांगायचं, सांभाळून राहा, कुणबी तुमच्या झोपड्या पेटवणार आहेत. खोटंच, पण रोज कानावर पडलं की ते घरातलं होतं. त्या वर्षी शेलदऱ्यातली गवताची गंजी जळाली. कुणी जाळली ते आजतागायत कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी एका ठाकराचा हात मोडला, तो कुणी मोडला ते मात्र सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर झऱ्यावर बायका वेगवेगळ्या वेळी येऊ लागल्या. पाणी एकच होतं, वेळा दोन झाल्या.

दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना मात्र कळत होतं की हे असंच चाललं तर माळ तिसराच खाणार. त्यांनी जुनी रीत काढली, शिवेचं दिव्य. ती अशी होती. भांडणातल्या जमिनीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन एका माणसानं अनवाणी चालायचं. तो चालेल ती शीव. जिथं तो ढेकूळ उतरवेल तिथंच त्यानं चाळीस दिवस एकट्यानं राहायचं. कुणाशी बोलायचं नाही, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, चुलीतला विस्तवही द्यायचा-घ्यायचा नाही. चाळीस दिवसांत त्याच्या घरात मरण आलं तर शीव खोटी आणि जमीन गेली. तो स्वतः बोलला किंवा जागा सोडून उठला, तर दिव्य मोडलं आणि जमीन सरकारजमा. दुसरं कुणी त्याच्याशी बोललं तर दिवस पहिल्यापासून मोजायचे. आणि सगळं नीट पार पडलं की सरकारच्या माणसानं येऊन ढेकूळ उचलायचं, दगडावर फोडायचं आणि म्हणायचं, मुदत भरली, घरी चल. तेवढं म्हटलं की शीव पक्की. हे दिव्य त्या काळी राजालाही मोडता येत नव्हतं, मग शेकदाराची काय कथा. त्यानं मान डोलावली.

शीव चालायचा मान वेसकराचा, म्हणजे गावची वेस सांभाळणाऱ्याचा. शेलदऱ्याचा वेसकर आदल्या साली वारला होता. मागं त्याची बायको म्हाळाई आणि एक मुलगी, सारजा. म्हाळाई सुईण होती. खालच्या गावात आणि वरच्या वाडीत, दोन्हीकडं जन्मलेलं पोर आधी तिच्या हातात यायचं. तिच्या हातून जन्मायचं, पण तिच्या हातचं पाणी मात्र प्यायचं नाही, असा तो काळ होता. ती ज्या पोरांना पायाळू असताना वळवून बाहेर काढायची, तीच मोठी होऊन तिच्या सावलीला वळसा घालायची. तरी शिवेचा प्रश्न आला तेव्हा दोन्ही गावांना तिच्याशिवाय दुसरं माणूस सुचलं नाही.

सारजाला तेव्हा सातवा लागला होता. पहिलटकरीण. म्हाळाईनं पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून एवढंच सांगितलं, असं म्हणतात:

"म्या चालते. पर सारजाचे दिस भरायच्या आत मला घरला यायचंय. तेवढं ध्यानात असू द्या."

चाळीस दिवस म्हणजे वेळ हातात होता. सगळे हो म्हणाले.

पौषातली सकाळ. डोक्यावर उंबराची पानं, त्यावर ढेकूळ, पायाखाली दहिवर पडलेलं गवत. मागं बऱ्याच अंतरावर दोन्ही गावं. शेकदार झऱ्याशी घोंगडी टाकून बसला होता. त्याचा हिशेब साधा होता. झरा एका गावात गेला की दुसरं पेटणार, आणि मग शांततेसाठी म्हणून माळ आपण घ्यायचा. म्हाळाई कड्यापासून सरळ चालत आली. माळ वर ठेवला, गवत खाली ठेवलं. झऱ्यापाशी आल्यावर थांबली. मग सरळ पुढं न जाता तिनं झऱ्याला फेरा घातला, पुरता फेरा, आणि आत येऊन ढेकूळ उंबराखाली उतरवलं. उतरवण्याआधी म्हणाली:

"पाणी शिवंत बांधायचं नसतं."

जिवंत माणसांनी ऐकलेले तिचे शेवटचे शब्द ते.

ठाकरांनी कारवीच्या कुडाची खोपी उभारून दिली, शेलदऱ्यानं वर गवत शाकारलं. गंजी जळाल्यापासून दोन गावांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. सकाळी वरून नागलीची भाकरी यायची, संध्याकाळी खालून भात. दगडावर ठेवायचं आणि पाठ फिरवून जायचं. आणि कुणी बोलतंय का हे बघायला शेकदारानं एक पहारेकरी बसवला, हैबती नाईक. त्या तिथं, आवळा आहे ना, त्याच्याखाली. खोपीपासून वीस पावलं. तो आमचा मूळपुरुष.

नवव्या दिवशी शेलदऱ्यातलं एक कुत्रं फेऱ्याच्या आत गेलं आणि त्याच्या मागं धावणाऱ्यानं त्याला हाक मारली. शेकदारानं निकाल दिला, हाक आत पोचली, पहिल्यापासून मोजा. सत्ताविसाव्या दिवशी धुकं पडलं होतं. चुकलेली शेरडं शोधत एक ठाकरीण आली, तिनं समोर माणूस दिसलं म्हणून "शेरडं बगितली का?" असं विचारलं आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पुन्हा पहिल्यापासून. आता सारजाचे दिवस आणि म्हाळाईची मुदत एकमेकांच्या अंगावर येऊ लागली.

सारजा अडली. दोन दिवस झाले तरी मोकळी होईना. गावातली एकुलती एक सुईण डोंगरावर तोंड मिटून बसलेली. आणि सारजा गेली तर वेसकराच्या घरात मरण, म्हणजे शीव खोटी, म्हणजे माळही गेला नि गवतही गेलं. तेव्हा वरच्या वाडीतली पवळी म्हातारी आणि तिच्यासोबत पाच-सहा ठाकरणी खाली उतरल्या. गंजी जळाल्यानंतर शेलदऱ्याच्या वेशीत पाऊल टाकणारं ठाकर माणूस ते पहिलंच. त्यांना कुणी अडवलं नाही. उलट पाटलाच्या सुनेनं, ठकूनं, स्वतः पाणी तापवून वेसकराच्या दारात आणून दिलं.

हैबतीनं पुढं आपल्या लेकाला सांगितलं ते आमच्या घरात चालत आलंय. ते दोन दिवस म्हाळाई फेऱ्याच्या अगदी कडेला उभी होती. तिथून सारजाचं छप्पर दिसायचं. ती त्या छपराकडं बघत होती आणि तिचे हात हवेत चालत होते. पोट चोळत होते, दाब देत होते, डोकं धरत होते. उन्हं कलली तरी हात थांबत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकू आपली म्हैस घेऊन झऱ्यावर आली. म्हशीला पाण्यावर सोडलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली:

"ऐकतीस का चांदे? सारजा मोकळी झाली. पोरगी हाय. दोघी बी बऱ्या हायेत. पवळीनं सोडवली."

म्हाळाई होती तिथं मटकन बसली. तोंडात पदर कोंबून रडली, आवाज होऊ न देता. ठकू म्हशीला पाणी पाजून निघून गेली. त्या दिवशी अडतीस दिवस झाले होते. दोन राहिले होते.

दुसऱ्या दिवशी शेकदार आला. हैबतीला विचारलं, "कोणी बोललं?"

आता हे नीट ऐका. नुसतं "न्हाई सरकार" म्हणायचं होतं. खोटंसुद्धा ठरलं नसतं. पण आमच्या घराण्याला एक अभिमान होता, राखणदाराची जीभ खोटं बोलत नाही. चोर धरून देणारा आमचा एक पूर्वज स्वतःच्या भावाचं नाव सांगताना अडखळला नव्हता म्हणे. त्या अभिमानात वाढलेला हैबती. तो म्हणाला:

"म्हशीशी बोलली, सरकार."

"काय बोलली?"

हैबतीनं शब्दन् शब्द सांगितला. शेकदार हसला. म्हणाला, "म्हशीला नात झाली वाटतं." आणि मग, "पहिल्यापासून मोजा."

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय, सांगतोय, आणि दर वेळी या ठिकाणी आलो की माझी मान खाली जाते. खरं बोलून माणूस इतकं वाईट करू शकतो, हे मला आमच्याच घरातून कळलं.

त्या दिवसापासून झऱ्यावरचं बोलणं बंद पडलं. बायका पदर दातांत धरून पाणी भरायच्या. घागर बुडल्याचा आवाज होऊ नये म्हणून ती तिरपी धरायच्या. आधी म्हाळाईशी कुणी बोलत नव्हतं, आता तिच्या आसपासही कुणी बोलेना. माणसांच्या इतक्या जवळ राहून इतकं एकटं कुणी पडलं नसेल.

पुढं काहीबाही निमित्तं निघत राहिली. पावसाळा आला, मुदत तहकूब, म्हणजे मोजणं थांबलं, बसणं नाही. शेकदार आजारी, मुदत तहकूब. मग त्याची बदली झाली. नव्या शेकदाराकडं दोन्ही गावची माणसं गेली. तो म्हणाला, दप्तरात असा काही कागद नाही. ज्यानं मुदत लावली त्यानं उठवावी. जुन्याकडं गेली तर तो म्हणाला, आता माझा तो हुद्दा नाही. झालं. मुदत लावणारा होता, उठवणारा कुणी उरला नाही.

तुम्ही विचाराल, मग दोन्ही गावांनीच जाऊन तिला घरी का आणलं नाही? सगळेच विचारतात. कारण त्यांची शपथेवर श्रद्धा होती, आणि भीतीही होती. ती उठली की माळ सरकारजमा. ती बसली आहे तोवर कुणी हात लावू शकत नाही. ठाकर राब भाजत राहिले, कुणबी गवत कापत राहिले, दर वर्षी म्हणत राहिले की पुढच्या वर्षी काहीतरी होईल. भाकरी रोज चुकत नव्हती. पण स्पष्टच सांगायचं तर दोन गावांनी एका बाईच्या गप्प बसण्यावर पोट भरलं. आणि तिला हे कळत होतं. फेऱ्याला ना कुंपण होतं, ना कुलूप. एक शब्द बोलली असती तरी सुटली असती. ती बोलली नाही. ज्यांनी कधी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, त्यांच्यासाठीसुद्धा बोलली नाही.

अशी चौदा वर्षं गेली.

हैबतीलाही कुणी परत बोलावलं नाही. नवा शेकदार त्याला ओळखतही नव्हता. तो उठून जाऊ शकत होता, पण आवळ्याखाली बसून राहिला. काही लोक म्हणतात त्याचा तिच्यावर जीव जडला. मला तसं वाटत नाही. ती लाज होती. थंडीत तो सरपण तोडून दगडावर ठेवायचा, ती उचलायची. चौदा वर्षांत दोघांत तेवढाच व्यवहार. वीस पावलांवर दोन म्हातारी माणसं आणि मधे एक शब्द नाही.

माघातल्या एका सकाळी खोपीतून धूर निघाला नाही. हैबतीनं ऊन वर येईपर्यंत वाट पाहिली. मग उठला आणि पहिल्यांदाच दगड ओलांडून आत गेला. म्हाळाई भिंतीला टेकून बसली होती, शेलदऱ्याच्या बाजूला तोंड करून. आढ्याला फडक्यात बांधून ढेकूळ टांगलेलं होतं. चौदा पावसाळ्यांत त्याचा खडा हलला नव्हता. तिनं ते लेकरासारखं सांभाळलं होतं.

हैबतीनं ढेकूळ सोडलं, बाहेर आणलं, दगडावर फोडलं. तो कुणी सरकारचा माणूस नव्हता, त्याला ते म्हणायचा हक्क नव्हता. पण तो खोपीच्या दारात उभा राहिला आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की खालच्या गावात ऐकू गेलं म्हणे:

"मुदत भरली, म्हाळाई. घरी चल."

आमच्या घराण्यातलं पहिलं खोटं ते. चौदा वर्षं उशिरा बोललेलं.

दोन्ही गावं धावत आली. सारजा आली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं गप्प राहायची सवय लागलेली. तेव्हा तिची मुलगी पुढं झाली, चौदा वर्षांची, आजीला लांबूनच पाहिलेली. तिनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आजे, म्या मैना. तुजी नात." मग ठकूनं आपल्या दोन पोरांची नावं सांगितली. मग ठाकरणींनी सांगितली. चौदा वर्षांत दोन्ही गावांत जन्मलेल्या प्रत्येक पोराचं नाव त्या दिवशी तिला सांगितलं गेलं. कोण कुणाला झालं, पायाळू होतं का, कुणी सोडवलं. उन्हं उतरेपर्यंत ते चाललं होतं. आणि झरा, जो तोवर नुसता पाझरायचा, तो त्या दिवसापासून बोलू लागला, असं सांगतात. कपारीत हवा शिरते म्हणून बुडबुडतो, असं माझा मुलगा म्हणतो. असेलही.

तिला नेताना एक खांदा शेलदऱ्याचा होता, एक ठाकरवाडीचा. तेव्हा कुणी शिवाशिवीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काढलं असेल, माणसंच ती. पण त्यानंतर माळ कुणाला घेता आला नाही. तिचं मरण मुदतीत धरायचं की तहकुबीत, हे ठरवणाराही कुणी नव्हता, म्हणून शीव पक्की झाली नव्हती, खोटीही ठरली नव्हती. मुदत चालूच आहे, असं म्हणा ना.

अजूनही साहेब लोक येतात. अलीकडं कुठलासा प्रकल्प निघालाय. मोजणी होते, ठाकरांना नोटिसा येतात की तुम्ही अतिक्रमण केलंय. ऐन पेरणीत चौकीवर बोलावतात आणि दिवसभर बाकावर बसवून ठेवतात. खाली येऊन कुणी हळूच सांगतं, माळ तुमचाच होता. आम्ही कचेरीत जातो, ते म्हणतात कागद सापडत नाही, पुढची तारीख घ्या. तारीख घेऊन आम्ही घरी येतो. त्या तारखेला साहेब रजेवर असतो. आम्हाला ही मोजणी ओळखीची आहे. म्हणून एक ठरवून ठेवलंय. कुणालाही नोटीस आली तरी कचेरीत दोन्ही गावांची माणसं जातात, आणि बाकावर बसलेल्याशी कुणीतरी सतत बोलत राहतं. शिपाई दटावतो, तरी बोलत राहतं.

आजही या दोन गावांत बारशाला नाव ठेवण्याआधी ते इथं येऊन म्हाळाईला सांगतात. आजही इथून कुणी मुकाट्यानं जात नाही. आणि आजही माघातल्या त्या दिवशी दोन्ही गावं शिवेवर जमली की राखणदाराच्या घरातला माणूस माळावरचं ढेकूळ तिथल्या दगडावर फोडतो आणि शेलदऱ्याकडं तोंड करून ओरडतो, मुदत भरली, म्हाळाई, घरी चल. सत्तेचाळीस वर्षं मी ओरडतोय. माझा मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतो बाबा, हे तुमच्यापर्यंतच. असू दे. मैनेच्या घरातली एक पोरगी आहे, तिला मी वाक्य शिकवून ठेवलंय. आमच्या घराण्यापेक्षा तिच्याच तोंडी ते जास्त शोभेल.

ओरडून झालं की आम्ही सगळे थोडा वेळ थांबतो. कुणीतरी उठून येईल एवढा वेळ. मग बायका नावं सांगायला लागतात.

चला, उंबर आला. तुम्ही मघापासून नुसतं ऐकताय. सांगा तिला तुमचं नाव.